या चुका टाळा : देवराईच्या मातीतील आणि पाचोळ्यातील मुंग्या मोजताना

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात एके काळी सलग असलेल्या सदाहरित व निमसदाहरित जंगलाचे तुकडे आज देवराया, राहाट्या आणि खासगी राने यांच्या रूपाने विखुरलेले आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तेव्हापासून या तुकड्यांतील झाडे-वेलींविषयी बरेच लिहिले गेले. पायाखालच्या पाचोळ्यात राहणाऱ्या मुंग्यांकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले. वास्तविक जंगलाच्या तुटलेपणाचा परिणाम तपासण्यासाठी मुंगीसारखा सोयीचा जीव शोधून सापडणार नाही, कारण वसाहत एका जागी असते, ती वर्षभर तेथेच सापडते आणि एका चौरस मीटर पाचोळ्यात अनेक जातींच्या वसाहती एकत्र नांदू शकतात. भारतातील मुंग्यांची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची ८२८ जाती-उपजाती आणि १०० वंश नोंदवते.

अशा कामात होणाऱ्या चुका पुढे दिल्या आहेत. त्यांतील बहुतेक चुका एकाच दिशेने झुकतात, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. सर्वत्र आढळणाऱ्या, धीट आणि उघड्यावर फिरणाऱ्या मुंग्या कोणत्याही पद्धतीने हाती लागतात. मातीत दडलेल्या, संथ, दीड-दोन मिलिमीटरच्या मुंग्या मात्र जरा हयगय झाली की नोंदीतून निसटतात. तुकडा लहान होत जाताना आधी नाहीशा होण्याचा संभव याच दडलेल्या मुंग्यांचा असतो. त्यामुळे ढिसाळ काम केले, तर लहान देवराई आणि मोठे जंगल यांत फरकच दिसत नाही आणि झालेली हानी आकड्यांच्या आड लपून राहते.

एका देवराईतील वीस नमुने म्हणजे वीस देवराया नव्हेत

आराखड्यातील सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, कारण ती नंतर कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. एक लहान देवराई आणि एक मोठे जंगल निवडून दोन्हींतून प्रत्येकी वीस नमुने घ्यायचे, चाचणी लावायची आणि 'क्षेत्रफळाचा परिणाम सिद्ध झाला' असे लिहायचे, हा प्रकार वारंवार दिसतो. येथे तपासायचा प्रश्न तुकड्याच्या आकाराविषयी आहे, म्हणून एकक तुकडा हेच आहे; वीस नमुन्यांनी त्या एका तुकड्याचे वर्णन अधिक नेमके होते, पण लहान तुकड्यांविषयी आपली माहिती एकाच उदाहरणाची राहते. मनुष्यबळ मर्यादित असेल, तर दोन ठिकाणी चाळीस नमुने घेण्याऐवजी आठ-दहा तुकड्यांतून कमी नमुने घेणे बरे.

तुकडे निवडताना आकाराबरोबर दुसरे काही बदलत नाही ना, हेही पाहावे लागते. सह्याद्रीत हे विशेष अवघड आहे, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस फार झपाट्याने घटतो : महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत तो त्याच्या लहानशा अंशावर येतो. मोठे जंगल घाटमाथ्यावरचे आणि लहान देवराया पूर्व उतारावरच्या असतील, तर आपण मोजलेला फरक तुकड्याच्या आकाराचा नसून पावसाचा असण्याची शक्यता अधिक. उंची, खडक आणि पर्जन्यमान जुळणाऱ्या तुकड्यांचीच जोडी लावावी, आणि तशी जोडी मिळत नसेल तर प्रश्नच बदलावा.

२०० मीटरची रेषा एक हेक्टरात बसवणे

पाचोळ्यातील मुंग्यांसाठी जगभर वापरली जाणारी, २००० साली प्रमाणित स्वरूपात प्रसिद्ध झालेली पद्धत सांगते की २०० मीटरची सरळ रेषा आखावी, तिच्यावर दर १० मीटरला एक याप्रमाणे वीस ठिकाणी एक चौरस मीटर पाचोळा चाळावा आणि तितकेच खड्डा-सापळे (जमिनीत तोंडापर्यंत पुरलेले कप) ४८ तास लावावेत. ही पद्धत मोठ्या जंगलासाठी उत्तम आहे. अनेक देवराया मात्र एक-दोन हेक्टरांच्या किंवा त्याहूनही लहान असतात, आणि १०० मीटर बाजू असलेल्या एक हेक्टर चौकोनात २०० मीटरची सरळ रेषा बसतच नाही. मग ती रेषा नकळत काजूच्या बागेत किंवा भातखाचराच्या बांधावर संपते आणि बांधावरच्या मुंग्या देवराईच्या खात्यावर जमा होतात.

कडेचे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. १०० गुणिले १०० मीटरच्या चौकोनात कडेपासून २० मीटरचा पट्टा वगळला, तर आत ६० गुणिले ६० मीटर, म्हणजे केवळ ३६ टक्के क्षेत्र उरते. तेवढीच एक हेक्टर देवराई ओढ्याच्या काठाने ४० मीटर रुंद आणि २५० मीटर लांब अशी पसरलेली असेल, तर कडेपासून २० मीटरहून आत अशी जागाच तिच्यात नसते. दोन्हींचे क्षेत्रफळ सारखे, पण मुंग्यांच्या दृष्टीने त्या वेगळ्या जागा आहेत, कारण कडेला ऊन व वारा आत शिरतो आणि पाचोळा लवकर वाळतो. यावर उपाय असा की लहान तुकड्यात सरळ रेषेचा हट्ट सोडावा, तुकड्याच्या नकाशावर जाळी आखून बिंदू निवडावेत, बिंदूंमधील अंतर १० मीटरहून कमी होऊ देऊ नये आणि प्रत्येक बिंदूचे कडेपासूनचे अंतर नोंदवून ते विश्लेषणात घ्यावे. मोठ्या जंगलातही हीच मांडणी ठेवावी. एका ठिकाणी रेषा आणि दुसऱ्या ठिकाणी जाळी असे केल्यास तुलना लंगडी पडते.

देवळाच्या आवाराचा विचार वेगळा करावा. जत्रेचा प्रसाद, गूळ-खोबरे, दिव्याचे तेल, नव्याने घातलेली फरशी आणि सभामंडप यांमुळे त्या परिसरात माणसाच्या वस्तीबरोबर फिरणाऱ्या मुंग्या हमखास असतात. तो भाग देवराईचाच आहे, म्हणून तो वगळू नये. पण वीसपैकी सहा नमुने पायवाटेच्या सोयीने देवळाजवळच घेतले गेले, तर निष्कर्ष देवराईपेक्षा देवळाविषयी अधिक बोलू लागतो.

सुट्टीच्या सोयीने ऋतू ठरवणे

महाविद्यालयीन प्रकल्पांचे क्षेत्रकार्य अनेकदा डिसेंबरच्या सुट्टीपासून एप्रिलपर्यंत लांबते आणि नेमका हाच काळ पाचोळ्यातील मुंग्यांसाठी उत्तरोत्तर वाईट होत जातो. पाचोळा कोरडा पडला की लहान मुंग्या ओल शोधत मातीत खाली उतरतात. वर उरतात त्या कोरडेपणा सोसणाऱ्या जाती. लहान तुकडा आधी वाळतो, मोठे जंगल उशिरा, म्हणून मार्चमध्ये घेतलेल्या नमुन्यांत दिसणारा फरक जातींच्या नाहीशा होण्याचा आहे की त्या केवळ वीतभर खाली गेल्या आहेत, हे सांगता येत नाही. भर पावसाळाही कामाचा नाही : जुलैमध्ये खड्डा-सापळे पाण्याने भरतात आणि भिजलेला पाचोळा चाळणीतून पडतच नाही. पाऊस ओसरल्यानंतर, जमिनीत ओल असताना पण पाचोळा हाताला चिकटत नसताना, म्हणजे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सह्याद्रीत सर्वांत सोयीचा ठरतो. सर्व तुकड्यांचे काम शक्य तितक्या कमी दिवसांत उरकावे. एक देवराई ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी फेब्रुवारीत, असे कधीही करू नये.

वणवा आणि राब यांची चौकशी गावात करावी. भाताचे राब भाजण्यासाठी पाला गोळा करण्याची पद्धत ज्या रानांत आहे, तेथील पाचोळा मुळातच विरळ असतो. देवराईतून काडीही उचलायची नाही हा नियम जेथे पाळला जातो, तेथे तो घोटाभर साचलेला असतो. अशा दोन जागांची तुलना म्हणजे तुकड्याच्या आकाराची नव्हे, तर पाचोळ्याच्या जाडीची तुलना. म्हणून प्रत्येक चौरस मीटरावर पाचोळ्याची जाडी चार-पाच ठिकाणी मोजून नोंदवणे आणि जमल्यास चाळलेल्या पाचोळ्याचे कोरडे वजन घेणे, ही दोन कामे कंटाळवाणी असली तरी सोडू नयेत.

एकाच सापळ्यावर विसंबणे

खड्डा-सापळा स्वस्त असतो, म्हणून अनेक अभ्यास केवळ त्याच्यावर चालतात. जमिनीच्या पृष्ठभागावर वेगाने फिरणाऱ्या मोठ्या मुंग्या त्यात चांगल्या मिळतात : मुंगळे, लेप्टोजेनिस, डायाकामा, आणि नशीब असेल तर उडी मारून शिकार करणारी हार्पेग्नाथोस सॉल्टेटर. स्ट्रुमिजेनिससारख्या, कोलेंबोला या सूक्ष्म, सहा पायांच्या जीवांवर जगणाऱ्या आणि पाचोळ्याच्या थरांमधून सावकाश सरकणाऱ्या मुंग्या त्यात क्वचितच पडतात. विंकलर पिशवीचे, म्हणजे चाळलेला पाचोळा टांगून वाळवत त्यातील मुंग्या मिळवण्याच्या साधनाचे, याच्या उलट आहे. लहान मुंग्या तीत भरपूर मिळतात, तर मोठ्या मुंग्या पाचोळा उचलेपर्यंत पळून जातात. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत आणि दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवून मगच एकत्र कराव्यात.

या दोन्हींनंतरही मातीच्या आतला थर बाकी राहतो. स्टिग्माटोम्मा, कोळ्यांसारख्या संधिपाद जीवांच्या अंड्यांवर जगणाऱ्या प्रोसेरॅटियम आणि डिस्कोथायरिया, जमिनीखालून धाडी घालणाऱ्या डोरायलस, आणि फिकट पिवळ्या, आंधळ्या लेप्टॅनिला या मुंग्या पाचोळ्याच्या चाळणीत अपघातानेच येतात. त्यांच्यासाठी माती खणावीच लागते. उष्णकटिबंधातील मातीच्या जीवांच्या अभ्यासात २५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा मातीचा ठोकळा काढून तो पांढऱ्या ट्रेमध्ये हाताने निवडण्याची पद्धत रूढ आहे. तिला वेळ लागतो आणि जांभ्याच्या सड्याशेजारील देवराईत ३० सेंटिमीटर माती मिळतही नाही. जेवढी मिळेल तेवढी खोली नोंदवून पुढे जावे. दुसरा मार्ग म्हणजे छिद्रे पाडलेली अरुंद नळी आमिषासह जमिनीत पुरणे. इक्वेडोरच्या ॲमेझॉन जंगलात २००७ मध्ये अशा नळ्यांनी जमिनीखालच्या मुंग्यांचा वेगळाच समुदाय समोर आणला. माझ्या मते मराठी मुलुखातील देवरायांत आज सर्वांत मोठी उणीव याच थराच्या नोंदींची आहे, आणि ज्याला नवे काही शोधायचे आहे त्याने पाचोळ्याचा आणखी एक अभ्यास करण्यापेक्षा खुरपे हाती घ्यावे.

आमिषाबाबत एक सूचना. मासळीचे आमिष मुंग्यांना प्रिय असते, पण काही देवरायांत ते चालत नाही, तर काहींत देवाला कोंबडा दिला जातो आणि कोणाची हरकत नसते. गुरव आणि मानकऱ्यांना आधी विचारावे; मध, गूळ किंवा शेंगदाण्याचे कूटही बऱ्याच अंशी काम करते. परवानगीचा भाग एवढ्यावर संपत नाही. देवराई अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर वन विभागाची लेखी परवानगी क्षेत्रकार्यापूर्वी हातात असावी लागते.

सापळ्यांच्या तक्रारी आणि त्यांची कारणे

पहिल्या दिवशी सापळ्यांत मुंग्यांचा पूर आणि नंतर शुकशुकाट, असे झाले तर खणताना माती उकरल्याचा तो परिणाम असतो. ताज्या खणलेल्या खड्ड्याकडे आसपासच्या मुंग्या ओढल्या जातात. कप पुरून, झाकण लावून काही दिवस तसाच ठेवावा आणि मग झाकण काढून ४८ तास मोजावेत. कपाची कड जमिनीच्या किंचित जरी वर राहिली, तरी लहान मुंग्या तिला वळसा घालून जातात. बोट फिरवून ती कड मातीशी समतल झाली आहे याची खात्री करावी. तोंड चार-पाच सेंटिमीटरहून रुंद नसावे, नाहीतर पाचोळ्यातील लहान बेडूक आणि सापसुरळ्या त्यात मरतात. कपात इथिलीन ग्लायकॉल मुळीच वापरू नये : ते चवीला गोड आणि गुरे-कुत्र्यांना विषारी असते, आणि देवराईत गावची गुरे शिरतातच. साबणाचे थेंब घातलेले मीठपाणी किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल पुरेसे आहे.

विंकलर पिशवीचे तत्त्व साधे आहे. पाचोळा सुमारे एक सेंटिमीटर जाळीच्या चाळणीतून चाळायचा, खाली पडलेला बारीक चाळ जाळीच्या चपट्या पिशव्यांत भरून कापडी खोळीत टांगायचा. चाळ वाळू लागला की मुंग्या अस्वस्थ होऊन बाहेर पडतात आणि तळाच्या अल्कोहोलच्या कपात पडतात. वीज लागत नाही, म्हणूनच ती गावच्या शाळेच्या वर्गातही टांगता येते. तीत मुंग्या कमी मिळाल्याची तक्रार आली, तर पहिली शंका ओलसरपणाची घ्यावी. चाळ ओला असेल आणि हवाही दमट असेल, तर ४८ तासांत तो वाळतच नाही आणि मुंग्या आतच राहतात. अशा वेळी काही पिशव्या आणखी दोन दिवस टांगून ठेवाव्यात आणि नंतरच्या कपात नव्या जाती येतात का, ते पाहावे. येत असतील तर सर्वच नमुन्यांचा काळ सारखा वाढवावा. दुसरे कारण म्हणजे जाळीच्या पिशव्या फुगेपर्यंत भरणे. मधला थर ओला राहतो आणि तेथील मुंग्यांना बाहेर पडण्याचे कारण उरत नाही. तिसरे कारण क्षेत्रातच घडलेले असते : चाळलेला पाचोळा काळ्या पिशवीत भरून उन्हात किंवा बंद गाडीत ठेवला की लहान मुंग्या टांगण्याआधीच मरतात, आणि मेलेली मुंगी कपात उतरत नाही.

कपात मुंग्यांपेक्षा मातीच जास्त दिसते, तेव्हा पिशव्या भरताना आणि टांगतानाच खरा कप खाली लावलेला असतो. भरताना तात्पुरता रिकामा कप लावावा, हलवाहलव संपली की त्यात पडलेली माती पुन्हा जाळीच्या पिशवीत टाकावी आणि मगच अल्कोहोलचा कप बांधावा.

चाळण्याच्या हातात फरक असतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. चौरस मीटरच्या कडेपासून मध्याकडे पाचोळा भराभर ओढणारा, कुजलेल्या काटक्या कोयत्याने फोडून चाळणीत टाकणारा आणि वरची सैल मातीही खरवडून घेणारा माणूस एकीकडे, आणि कोरडी पाने तेवढी उचलणारा दुसरीकडे. त्यांच्या नमुन्यांतील फरक दोन जंगलांमधील फरकापेक्षा मोठा असू शकतो. एकच व्यक्ती सर्व तुकड्यांत चाळेल असे करावे, किंवा दोघांनी प्रत्येक तुकड्यात निम्मे-निम्मे नमुने घ्यावेत. कुजलेल्या काटक्या तर मुळीच सोडू नयेत, कारण पाचोळ्यातील अनेक जातींच्या संपूर्ण वसाहती बोटभर जाडीच्या एका पोकळ काटकीत राहतात.

मुंग्यांची संख्या मोजणे

एका नमुन्यात फायडोलीच्या वसाहतीवरच चाळणी पडली आणि तीनशे कामकरी मुंग्या मिळाल्या, तर त्या तीनशे स्वतंत्र नोंदी नव्हेत. ती एका वसाहतीची एकच नोंद आहे. व्यक्तिसंख्येवरून विविधतेचे निर्देशांक काढणे म्हणजे एका लग्नाच्या मांडवात उभे राहून गावातील आडनावांचे प्रमाण ठरवणे. तरीही शॅनन निर्देशांक थेट मुंग्यांच्या संख्येवरून काढलेले प्रबंध आजही दिसतात. मुंग्यांसाठी मोजायची गोष्ट हजेरी ही आहे : वीसपैकी किती नमुन्यांत ती जात सापडली. दुर्मीळता, नमुन्यांगणिक वाढत्या जातींचा वक्र आणि एकूण जातींचा अंदाज हे सगळे याच हजेरीवर उभे करावे.

मिळालेल्या जातींची संख्या हीच त्या तुकड्यातील जातींची संख्या, असे मानणे ही याचीच जोडचूक आहे. उष्णकटिबंधीय पाचोळ्यात एकाच नमुन्यात आढळणाऱ्या जाती नेहमीच पुष्कळ असतात आणि त्यांचे प्रमाण न मिळालेल्या जातींविषयी काही सांगते. समजा, वीस नमुन्यांत ४२ जाती मिळाल्या. त्यांपैकी १४ केवळ एका नमुन्यात आणि ७ नेमक्या दोन नमुन्यांत होत्या. संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांच्या हजेरीवर आधारित सूत्रानुसार १४ चा वर्ग भागिले ७ ची दुप्पट, म्हणजे १४, आणि नमुने वीसच असल्याने त्याला १९ भागिले २० ने गुणून सुमारे १३ जाती अजून नोंदल्या गेलेल्या नाहीत, असा अंदाज निघतो. एकूण आकडा सुमारे ५५, आणि तोही किमान मर्यादा म्हणून वाचायचा असतो. दोन तुकड्यांची तुलना करताना दोन्हींचे नमुने केवळ संख्येने सारखे असून भागत नाही. नमुन्यांनी समुदायाचा किती भाग व्यापला हे काढून त्याच पातळीवर तुलना करावी.

कमी नमुन्यांचा एक परिणाम मात्र उलट दिशेने जातो. प्रत्येक देवराईतून अपुरे नमुने घेतले की दुर्मीळ जाती कोणाच्या यादीत येतात, कोणाच्या येत नाहीत, आणि मग सर्व देवराया एकमेकींपासून फार वेगळ्या भासतात. 'प्रत्येक देवराईचा मुंगी-समुदाय अनन्य आहे' हे वाक्य ऐकायला चांगले वाटते, पण ते लिहिण्यापूर्वी एकाच देवराईतील नमुन्यांचे दोन गट पाडून ते परस्परांपासून किती वेगळे दिसतात, हे तपासावे.

ओळख पटवताना

फायडोली वंशात लहान डोक्याच्या आणि मोठ्या डोक्याच्या अशा दोन प्रकारच्या कामकरी मुंग्या असतात. कॅरेबारामध्ये हा फरक इतका टोकाचा असतो की मोठ्या कामकरी मुंगीच्या अंगावर लहान मुंग्या स्वार झालेल्या दिसतात. नवशिक्या हातांत या दोन-दोन जाती होतात. ज्या ठिकाणी वसाहत चाळणीत सापडली तेथे दोन्ही रूपे मिळतात, म्हणून जातींची संख्या तेथेच फुगते. पंख असलेल्या राण्या आणि नर यांचाही वेगळा विचार हवा. राणी उडत बाहेरून येऊन पाचोळ्यात पडलेली असू शकते. केवळ तिच्यावरून ती जात त्या तुकड्यात राहते असे म्हणता येत नाही. जातींची तुलना कामकरी मुंग्यांच्या नोंदींवरच करावी आणि राण्या-नर वेगळ्या यादीत ठेवावेत.

नामकरणाच्या बाबतीत बिंगहॅम यांच्या ब्रिटिश भारतातील मुंग्यांवरील १९०३ च्या खंडाचा आधार अजूनही घेतला जातो. वर्णनांसाठी तो उपयोगाचा आहे, पण वंशांची नावे तेव्हापासून पुष्कळ बदलली. पॅकिकॉन्डिला या नावाखाली भारतात नोंदल्या जाणाऱ्या जाती २०१४ च्या पुनर्रचनेत ब्रॅकिपोनेरा, बोथ्रोपोनेरा, एक्टोमोमिर्मेक्स अशा वंशांत विभागल्या गेल्या. पॅराट्रेकिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक जाती २०१० पासून नायलँडेरियात आहेत. लाँजिकॉर्निस तेवढी मूळ नावाखाली राहिली. पायरॅमिका आता स्ट्रुमिजेनिसमध्येच मोडते. जुनी आणि नवी यादी न जुळवता एकत्र केली, तर एकच मुंगी दोन नावांनी दोनदा मोजली जाते.

जातीपर्यंत ओळख पटली नाही तर त्यात कमीपणा नाही. 'स्ट्रुमिजेनिस १', 'स्ट्रुमिजेनिस २' असे संकेत द्यावेत, मात्र प्रत्येक संकेतामागे टाचणीवर चढवलेला एक नमुना असावा आणि सर्व तुकड्यांतील नमुने त्याच्याशीच ताडून पाहावेत. प्रत्येक देवराईसाठी नव्याने क्रमांक देणे सुरू केले की तुलना तेथेच संपते.

जाती जास्त म्हणजे जंगल निरोगी, असे समजणे

लहान तुकड्यात कधीकधी जातींची संख्या घटत नाही, क्वचित वाढतेही. आतल्या जाती गेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी उघड्या माळावरच्या व माणसाबरोबर पसरणाऱ्या जाती आलेल्या असतात : टॅपिनोमा मेलानोसेफॅलम, पॅराट्रेकिना लाँजिकॉर्निस, सोलेनोप्सिस जेमिनाटा, आणि लांब पायांची पिवळी अनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस. म्हणून एकूण आकड्याबरोबर दोन गोष्टी स्वतंत्रपणे मांडाव्यात : अशा सर्वत्र पसरणाऱ्या जातींची हजेरी किती, आणि विशिष्ट भक्ष्यावर जगणाऱ्या, मातीत दडलेल्या जातींची हजेरी किती.

बोर्निओतील सबाह येथे कार्स्टन ब्रूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले काम याबाबत मुद्दाम वाचावे असे आहे. तेथील तुटलेल्या जंगलतुकड्यांपैकी एकातही दानुम खोऱ्यातील सलग जंगलाच्या निम्म्याइतक्याही पाचोळ्यातील जाती मिळाल्या नाहीत, आणि यात ४,००० हेक्टरांहून मोठा तुकडाही होता. तुकडा जितका लहान, तितक्या माणसाबरोबर पसरणाऱ्या जाती अधिक. हे आकडे सह्याद्रीला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल, कारण तेथील वर्षभर ओले राहणारे जंगल आणि आपले आठ महिने कोरडे पडणारे जंगल यांचा स्वभाव वेगळा. पण एक-दोन हेक्टरांच्या देवराईत 'सलग जंगलाइतक्याच जाती' मिळाल्याचा निष्कर्ष आला, तर आनंदण्यापूर्वी आपली पद्धत पुन्हा तपासावी, एवढा इशारा त्यातून नक्कीच मिळतो.

तुकड्याभोवती काय आहे, हेही नोंदवावे. जुन्या आंबा-फणसाच्या सावलीत दडलेली देवराई आणि साफ केलेल्या डोंगरावरच्या काजू किंवा रबराच्या लागवडीत अडकलेली देवराई यांचे क्षेत्रफळ सारखे असले तरी त्यांचे एकाकीपण सारखे नसते. तुकडा केव्हा तुटला, याची विचारपूसही गावातील वडीलधाऱ्यांकडे करावी : मुंग्यांच्या वसाहती अनेक वर्षे जगू शकतात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी तुटलेल्या तुकड्यात आज सापडणारी जात तेथे टिकेलच असे नाही.

नमुन्यांची हेळसांड

ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ १९९८ मध्ये मातीच्या नमुन्यांतून एक अनोळखी मुंगी मिळाली, पण ते नमुने पुढे गमावले गेले. २००३ मध्ये त्याच परिसरात पाचोळ्यावर चालणारी एकच कामकरी मुंगी पुन्हा सापडली आणि २००८ मध्ये तिच्यावरून मार्शियालिस ह्युरेका ही जात, तिच्यासाठी नवा वंश आणि नवे उपकुलही प्रस्थापित झाले. दहा वर्षांचा हा खोळंबा नमुने जपण्याविषयी पुरेसा बोलका आहे.

बाटलीत घालायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी बाटलीच्या आत असावी. बाहेर चिकटवलेली पट्टी प्रवासात निघते. तिच्यावर देवराईचे नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत आणि नमुन्याचा क्रमांक इतके तरी हवेच; केवळ 'न. १२' असे लिहिलेली बाटली वर्षभराने कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. पुढे डीएनएचे काम करण्याचा विचार असेल, तर ९५ टक्के इथेनॉल वापरावे आणि ओल्या पाचोळ्यातील पाण्याने ते पातळ होत असल्याने पहिल्या दिवशीच बदलावे. केवळ बाह्य रचना पाहायची असेल तर ७० टक्के चालते आणि मुंग्यांचे पाय-मिशा कमी तुटतात. काम संपल्यावर टाचणीवरचे नमुने महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रासारख्या संग्रहाकडे सुपूर्द करावेत, आणि ओळख न पटलेल्या जातींच्या संकेतांची यादी, छायाचित्रांसह, त्यांच्यासोबत द्यावी.